महायंत्रमानव आणि शिलेदार : व्यूहक्रीडांतील सैन्यघटकांच्या मूलनिष्ठेचा विचार

१

युद्धाचे अनुकरण करणारे खेळ ही मानवी संस्कृतीतील फार जुनी गोष्ट आहे. बुद्धिबळाच्या पटापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत या खेळांची साधने बदलत गेली. परंतु त्यांचे मूळ तत्त्व बदललेले नाही. प्रत्यक्षात जे सैन्य हजारो माणसे, जनावरे आणि शस्त्रे यांचे बनलेले असते, त्याचे खेळात मोजके घटक करावयाचे, प्रत्येक घटकाला काही बळ व काही मर्यादा नेमून द्यावयाच्या, आणि खेळाडूने सेनापतीच्या नात्याने त्यांची योजना करावयाची, असे हे तत्त्व आहे. व्हिडिओ गेम या नावाने सर्वपरिचित असलेल्या खेळांपैकी जे या प्रकारात मोडतात, त्यांना प्रस्तुत लेखात 'व्यूहक्रीडा' ही संज्ञा योजली आहे.

व्यूहक्रीडेतील घटक बहुधा अन्य ठिकाणाहून घेतलेला असतो. तो कधी इतिहासातून येतो, तर कधी कथेतून. जपानमध्ये चित्रवाणीवरील कथामालांतून लोकप्रिय झालेले महाकाय यंत्रमानव तेथील व्यूहक्रीडांत घटक म्हणून अवतरले. तसेच अठराव्या शतकातील मराठ्यांचे सैन्य पाश्चात्त्य संस्थांनी रचलेल्या व्यूहक्रीडांत घटक म्हणून अवतरले. या दोहोंची तुलना प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. एकीकडे केवळ कल्पनेत जन्मलेली यंत्रे, तर दुसरीकडे कागदपत्रांनी सिद्ध झालेली माणसे व घोडी. तथापि ही तुलना केल्यावर जो निष्कर्ष हाती येतो, तो इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारा आहे. जी यंत्रे कधी अस्तित्वातच नव्हती, त्यांचे रूपांतर पुष्कळ अंशी इमानाने झाले आहे. जे शिलेदार खरोखर होऊन गेले, त्यांचे तसे झालेले नाही. असे का व्हावे, हा या लेखाचा विषय आहे.

२

मूलनिष्ठा कशाने मोजावयाची, हे आधी ठरविले पाहिजे. घटकाचे नाव मुळाप्रमाणे ठेवणे, ही निष्ठेची पहिली व सर्वांत सोपी पायरी होय. त्याचे बाह्य रूप, म्हणजे वेष, शस्त्र, रंग व आकार, मुळाबरहुकूम रेखाटणे, ही दुसरी. त्याचे वर्तन, म्हणजे गती, मारा व सहनशक्ती, मुळाशी जुळविणे, ही तिसरी. चौथी पायरी बहुधा दुर्लक्षिली जाते. मूळ घटक कशाच्या आधाराने उभा राहतो आणि तो आधार सुटला असता कसा कोसळतो, हेही रूपांतरात उतरले पाहिजे. या चौथ्या गोष्टीला आपण 'अवलंबन' म्हणू.

बुद्धिबळाच्या इतिहासात या पायऱ्यांचा भेद स्पष्ट दिसतो. हत्ती, घोडा, रथ व पदाती या चतुरंग सेनेवरून त्या खेळाचे प्राचीन नाव पडले. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या विनोदांमध्ये या खेळाचे वर्णन आहे. पुढे आपल्याकडच्या पटावरून रथ नाहीसा झाला व उंट आला. राजाच्या शेजारी वजीर बसला. नावे प्रत्यक्ष सैन्याच्या व दरबाराच्या बदलाबरोबर अशी काही अंशी बदलत गेली; परंतु पटावरील हत्तीला चारा लागत नाही आणि घोड्याला नाल लागत नाही. अर्थात बुद्धिबळाने युद्धाचे यथार्थ चित्र असल्याचा दावा कधी केलाच नाही. तो दावा प्रथम प्रशियात झाला. १८२४ मध्ये राइसविट्झ याने लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी सिद्ध केलेल्या युद्धखेळात घरांचा पट जाऊन प्रमाणबद्ध नकाशा आला, चालीचा वेग मिनिटांवर मोजला जाऊ लागला, हानीसाठी फासे आले आणि निर्णयासाठी पंच आला. आजच्या व्यूहक्रीडा या परंपरेच्या वारस आहेत. म्हणूनच त्यांना वर्तन व अवलंबन यांची कसोटी लावणे अन्याय्य ठरणार नाही.

३

आता महायंत्रमानवांकडे वळू. आपल्याकडील पुष्कळ प्रेक्षकांचा या कल्पनेशी पहिला परिचय १९८०च्या दशकात दूरदर्शनवर दाखविल्या गेलेल्या 'जायंट रोबोट' या जपानी मालिकेमुळे झाला. तीतला प्रचंड यंत्रमानव एका मुलाच्या आज्ञेखेरीज हालत नसे. म्हणजे अवलंबनाची कल्पना कथेतच गोवलेली होती. जपानमध्ये १९७२ च्या 'माझिंगर झेड'मध्ये यंत्राच्या मस्तकात बसून ते चालविणारा चालक आला. १९७९ च्या 'मोबाइल सूट गुंडाम'ने यंत्रमानवाला दैवी वीर न मानता सैन्याची सामग्री मानले. ती सामग्री कारखान्यात तयार होते, बिघडते, दुरुस्त करावी लागते आणि चालकाच्या गुणावगुणांप्रमाणे चांगली किंवा वाईट लढते.

या निरनिराळ्या कथांतील यंत्रे एकाच रणांगणावर आणणारी 'सुपर रोबोट वॉर्स' ही व्यूहक्रीडा बानप्रेस्टो या संस्थेने एप्रिल १९९१ मध्ये गेमबॉय या लहानशा उपकरणासाठी काढली. तिचा इतिहास मूलनिष्ठेच्या दृष्टीने उद्बोधक आहे. पहिल्या भागात यंत्रांना चालकच नव्हते; यंत्रे स्वतःच सचेतन असल्याप्रमाणे वागत. नाव होते, रूप होते, शस्त्रेही ओळखीची होती. परंतु ज्याच्यामुळे ते यंत्र कथेत अर्थपूर्ण होते, तो मनुष्य गाळला गेला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस निघालेल्या दुसऱ्या भागात चालक आले. पुढील भागांत चालकाचे गुण वेगळे व यंत्राचे गुण वेगळे मोजले जाऊ लागले, आणि चालक बदलला की तेच यंत्र निराळे लढू लागले.

याच मालिकेने बाह्य रूपाच्या बाबतीत मात्र मुळाची फारशी पर्वा केली नाही. तीतील यंत्रे मोठ्या डोक्याची व आखूड अंगाची, जवळजवळ खेळण्यासारखी काढलेली असतात. आकारमानाचेही तसेच. १९९८ च्या 'एफ फायनल' या भागात १०५ मीटर उंचीचा इडियॉन आणि सात मीटरही न भरणारा डनबाइन हे दोघे पटावर प्रत्येकी एकच घर व्यापतात. एवढे असूनही जाणत्या प्रेक्षकाला हे रूपांतर खोटे वाटत नाही, कारण वर्तन व अवलंबन राखलेले आहे. कथेत नायकाचे अंतिम अस्त्र शेवटच्या प्रसंगी बाहेर पडते. खेळात चालकाचा आवेश विशिष्ट अंकापर्यंत चढल्यावाचून ते अस्त्र वापरता येत नाही. इडियॉनच्या कथेत त्या यंत्रातील शक्ती माणसाच्या ताब्यात राहत नाही. खेळातही त्या शक्तीचा मापक चढत गेला की यंत्र खेळाडूच्या आज्ञेबाहेर जाते. सेनापतीची सत्ता जेथे संपते ती जागा खेळाच्या नियमांतच दाखविणे, हे रूपांतराचे उच्च प्रतीचे इमान होय.

अमेरिकेतील परंपरा निराळी आहे, पण तिची दिशा हीच आहे. १९८४ मध्ये प्रथम 'बॅटलड्रॉइड्स' या नावाने निघालेल्या आणि पुढे 'बॅटलटेक' म्हणून प्रसिद्ध झालेल्या पटावरील खेळात यंत्राची सर्व शस्त्रे एकदम चालविता येत नाहीत. चालविली तर यंत्र तापते आणि बंद पडते. त्यावरून १९९८ मध्ये संगणकासाठी रचलेल्या 'मेककमांडर'मध्ये एका मोहिमेत मोडलेले यंत्र दुसऱ्या मोहिमेपूर्वी दुरुस्त करावे लागते, शत्रूची मोडकी यंत्रे गोळा करून वापरता येतात आणि अनुभवी चालक मेला तर तो कायमचा जातो. तात्पर्य, येथे घटक हा नुसता मोहरा नसून एका व्यवस्थेचे टोक आहे.

४

हीच कसोटी मराठ्यांच्या सैन्याच्या रूपांतरास लावू. भारतीय सैन्याचे घटक वापरणाऱ्या व्यूहक्रीडा अनेक आहेत. २००७ च्या 'एज ऑफ एम्पायर्स ३ : द एशियन डायनॅस्टीज'मध्ये अकबराच्या नेतृत्वाखाली अठराव्या शतकातील शिपाई लढतात आणि राजपूत हा घटक पायदळात घातलेला आहे. 'एज ऑफ एम्पायर्स २'च्या २०२२ मधील भारतविषयक पुरवणीत हिंदुस्थानी, गुर्जर, वंग व द्रविड असे भेद केले गेले. देवगिरीच्या यादवांचा दख्खन त्यांत स्वतंत्रपणे आला नाही. मराठ्यांना स्वतंत्र सत्ता म्हणून ठळक स्थान मिळाले ते क्रिएटिव्ह असेंब्ली या इंग्लंडमधील संस्थेने रचलेल्या व सेगा कंपनीने मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'एम्पायर : टोटल वॉर' या व्यूहक्रीडेत. तीत १७०० ते १७९९ हा काळ घेतला असून युरोप व अमेरिका यांच्या जोडीला भारत हे तिसरे रणक्षेत्र आहे, आणि 'मराठा संघ' ही खेळाडूला निवडता येण्याजोगी सत्ता आहे.

पहिला आक्षेप नावाचाच आहे. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराजांचा अंत झाला. एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला. ताराबाईंनी राज्याचा भार उचलला. ज्याला पुढे इंग्रज ग्रंथकार संघ म्हणू लागले, ती सरदारांची रचना बाजीरावाच्या काळापासून क्रमाक्रमाने घडली. १७०० सालच्या राज्याला ते नाव देणे म्हणजे शेवट आरंभी लिहिणे होय. परंतु हा दोष नावापुरता आहे. याहून खोलवरचे दोष अवलंबनाचे आहेत.

मराठा घोडदळाचे बारगीर व शिलेदार हे दोन भेद सर्वज्ञात आहेत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. हा भेद केवळ मालकीचा नव्हता. शिलेदाराचा घोडा पडला म्हणजे त्याचे भांडवल बुडाले. त्यामुळे तो घोडा निकराच्या हातघाईत घालण्यास सहसा तयार नसे, आणि याचा परिणाम साऱ्या युद्धपद्धतीवर होई. आता उपर्युक्त व्यूहक्रीडेत प्रत्येक घटक खजिन्यातील पैसा देऊन उभा करावयाचा, प्रत्येक पाळीला त्याचा खर्च द्यावयाचा, आणि तो झिजला तर पुन्हा पैसा भरून पुरा करावयाचा, अशी व्यवस्था आहे. ही व्यवस्था सरकारी कवायती फौजेला शोभते. तीत शिलेदाराला जागा नाही, आणि स्वतःच्या सरंजामावर पथक बाळगणाऱ्या सरदाराला तर मुळीच नाही. घटकाला कोणतेही मराठी नाव दिले, तरी नियमांच्या दृष्टीने तो युरोपीय राजाचा पगारी स्वारच राहतो.

दुसरी गोष्ट सरंजामाच्या बारकाव्यांची. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी ती चढती रचना आहे. परंतु तीतील सर्वांत मोलाचा तपशील याहून साधा आहे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल यांवाचून घोडदळ चालत नाही, हे ज्याने ती रचना केली त्याला पक्के ठाऊक होते. 'मेककमांडर'मध्ये कल्पित यंत्राच्या दुरुस्तीची जी चिंता सेनापतीला वाहावी लागते, तीच ही चिंता. पण खऱ्या घोड्यांच्या वाट्याला ती खेळात आली नाही. १७६० च्या अखेरीस पानिपतावर रसद तुटल्याने जे सैन्य उपासमारीने जर्जर झाले आणि १४ जानेवारी १७६१ रोजी निर्वाणीच्या लढाईस बाहेर पडले, त्याची शोकान्तिका केवळ पैशाने पोसल्या जाणाऱ्या घटकांनी मांडता येणे शक्य नाही.

तिसरी गोष्ट काळाची. सभासदाच्या वर्णनाप्रमाणे लष्कर पावसाळ्याचे चार महिने छावणीस राही आणि दसऱ्यानंतर आठ महिने मुलूखगिरीस जाई. दख्खनच्या युद्धाचा हा नाडीचा ठोका आहे. व्यूहक्रीडेत वर्षाच्या पाळ्या दोन, एक उन्हाळ्याची व एक हिवाळ्याची. हा युरोपचा ऋतुक्रम आहे. त्यात पर्जन्यकाळ नाही आणि म्हणून छावणीही नाही.

न्यायबुद्धीने हेही नमूद केले पाहिजे की या व्यूहक्रीडेत एक गोष्ट मराठी युद्धपद्धतीच्या जवळ जाते. तीत शेते, पेठा व बंदरे राजधानीच्या कोटाबाहेर मुलखात पसरलेली दाखविली आहेत आणि शत्रूच्या सैन्याला किल्ला न जिंकताही ती उद्ध्वस्त करता येतात. मुलूखगिरीचा एक पैलू त्यामुळे खेळाडूला आपोआप समजतो. परंतु प्रत्येक प्रांताला एकच धनी, या नियमापाशी ही यथार्थता थांबते. १७१९ च्या सनदांनी मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई व सरदेशमुखी यांचा हक्क मिळाला. मुलूख बादशहाचा, पण वसुलाचा चौथा हिस्सा मराठ्यांचा, ही दुहेरी सत्ता एकरंगी नकाशावर काढताच येत नाही.

५

हे सर्व सामान्य विवेचन झाले. एखादी निश्चित मोहीम घेऊन ते पडताळून पाहणे इष्ट आहे, आणि त्यासाठी ठाणे-कल्याण पट्ट्यातील वाचकाला दूर जाण्याचे कारण नाही. कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली ही आज रेल्वेमार्गाने सांधलेली वस्ती पारसिकचा डोंगर आणि उल्हास नदीची खाडी यांच्या सान्निध्यात वसली आहे. दिव्याच्या उत्तरेस, खाडीपलीकडे, भिवंडी तालुक्यातील अंजूर हे गाव आहे. येथील गंगाजी नाईक व त्यांचे बंधू यांनी फिरंगी अमलाखालील साष्टीच्या मुलखातील लोकांशी संधान बांधून पेशव्यांच्या मोहिमेची पूर्वतयारी केली; 'साष्टीची बखर' या नाइकांच्या खटपटीचा वृत्तान्त सांगते. १७३७ च्या वसंतात चिमाजी अप्पांच्या योजनेनुसार मराठ्यांच्या तुकडीने खाडी उतरून ठाण्याच्या किल्ल्यावर छापा घातला. त्या किल्ल्याचे काम तेव्हा अपुरे होते, आणि ही बातमी वेळेवर हाती असणे हेच यशाचे अर्धे कारण होते. पुढे दोन वर्षे मोहीम चालली. १७३९ च्या आरंभी माहीम व तारापूर पडले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामास आले. फेब्रुवारीत वसईचा अखेरचा वेढा बसला व मे महिन्यात किल्ला शरण आला.

या मोहिमेतील निर्णायक घटक कोणते, असा प्रश्न केला तर उत्तर चमत्कारिक येते. पाणी आणि दलदल यांनी वेढलेल्या वसईपुढे घोडदळ दुय्यम ठरले. निर्णय लागला तो सुरुंगांनी. आणि ते सर्व एकाच वेळी न उडाल्यामुळे चढाई करणारे मराठेही त्यांत सापडले. सुरुंग्या हा रणांगणावर दौडणारा घटक नव्हे. तो जमिनीखाली अनेक दिवस काम करणारा माणूस आहे. खाडीची भरती-ओहोटी जाणणारा नावाडी, बातमी आणणारा गावकरी, दाणागोटा पोहोचविणारा कारकून, यांपैकी एकही घटक व्यूहक्रीडेच्या यादीत बसत नाही. परंतु मोहीम त्यांच्यावर उभी होती.

काळाचा हिशेब तर अधिकच बोलका आहे. वसईचा अखेरचा वेढा सुमारे तीन महिने चालला. उपर्युक्त व्यूहक्रीडेतील एक पाळी सहा महिन्यांची. म्हणजे हा सारा वेढा अर्ध्या पाळीत संपतो. प्रत्यक्षात मे महिना उजाडला तेव्हा वेढा घालणाऱ्यांच्या डोक्यावर पावसाळा उभा होता. किनाऱ्यावर पाऊस सुरू झाला की खंदकांत पाणी भरणार, दारू भिजणार, समुद्रमार्ग बंद पडणार आणि दोन वर्षांचे श्रम पुन्हा दसऱ्यापर्यंत लांबणीवर पडणार, ही टांगती तलवार होती. ती काढून घेतली की अखेरच्या चढाईतील निकराला अर्थ उरत नाही. सहा महिन्यांच्या पाळीला पावसाची घाई माहीत नसते.

६

यावर असा आक्षेप घेतला जाईल की खेळ हा खेळ आहे. सर्व तपशील घातले तर तो खेळण्याजोगा राहणार नाही. आक्षेप विचारार्ह आहे, पण तो येथे लागू पडत नाही. यंत्रमानवांच्या व्यूहक्रीडाही सोप्याच आहेत. त्यांनीही पुष्कळ गाळले आहे. इडियॉन व डनबाइन यांना एकाच मापाचे घर देण्याइतके त्यांनी गाळले आहे. प्रश्न किती गाळले हा नसून काय राखले हा आहे. आवेशाचा एक अंक किंवा तापमानाचा एक मापक एवढ्यानेच अवलंबन सूचित करता येते. घोडदळाच्या प्रत्येक पथकामागे पाणी व नाल यांचा एक अंक, आणि वर्षाच्या पाळ्यांत एक पावसाळ्याची, एवढे करणे नियमांच्या दृष्टीने मुळीच अवघड नव्हते.

खरे कारण अन्यत्र शोधले पाहिजे. 'गुंडाम'च्या प्रेक्षकाला मूळ कथा मुखोद्गत होती. १९८० पासून बंडाई कंपनीने विकलेल्या प्लास्टिकच्या प्रतिकृती हजारो घरांत जोडल्या गेल्या. कोणत्या यंत्राचा चालक कोण, त्याची उंची किती, त्याचे शस्त्र कोणते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक होते. रचनाकाराने चूक केली तर ती पकडणारा परीक्षक खेळाडूच होता. मराठ्यांच्या सैन्याच्या बाबतीत असा परीक्षकवर्ग जगाच्या बाजारात नव्हता, आणि आपल्याकडेही तो फारसा नाही, हे कबूल केले पाहिजे. आपल्या तरुणांना सेनापतींची नावे व लढायांच्या तारखा ठाऊक असतात. पखालजीचे काम काय, हे क्वचितच ठाऊक असते. खेळात आपले वीर शूर दाखविले की नाहीत, एवढ्यावरून आपण तुष्ट किंवा रुष्ट होतो. ही नाव व रूप यांचीच कसोटी झाली.

साधनांचा अभाव आहे, असेही म्हणता येत नाही. सभासदाची बखर उपलब्ध आहे. सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवरील ग्रंथ १९२८ मध्येच प्रसिद्ध झाला. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या निवडक कागदांच्या ४५ खंडांपैकी सोळावा खंड सर्वस्वी वसईच्या मोहिमेला वाहिलेला आहे. उणीव आहे ती या सामग्रीतून एकेका सैन्यघटकाचे सांगोपांग वर्णन तयार करण्याची: पागा कशी चाले, तोफखान्याला बैल किती लागत, सुरुंग्यांना मजुरी काय मिळे, छावणीचा खर्च कोण सोशी. अशी वर्णने सिद्ध झाली तर त्यांचा उपयोग खेळ रचणाऱ्यांना होईल की नाही, हा गौण प्रश्न आहे. त्यांचा पहिला उपयोग आपल्यालाच आहे.

अध्यापनातही या विषयाला स्थान देता येईल. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी या व्यूहक्रीडा खेळून आलेला असतो, आणि अठराव्या शतकाचे त्याच्या मनातील पहिले चित्र पुष्कळदा त्यांनीच काढलेले असते. ते चित्र हसण्यावारी नेण्यापेक्षा त्याला बखर व दप्तर यांच्याशेजारी ठेवावे आणि विद्यार्थ्याला एवढेच विचारावे की या घटकाला जगविणारे कोण आणि ते या पटावर कोठे आहेत. ठाण्या-कल्याणच्या विद्यार्थ्याने तर हा प्रश्न आपल्या खाडीकाठच्या गावांविषयी विचारावा. वसईचा इतिहास केवळ चिमाजी अप्पांचा नव्हता. तो अंजूरच्या नाइकांचा, खाडीतल्या नावाड्यांचा आणि नाव न उरलेल्या सुरुंग्यांचाही होता. हे ज्याच्या ध्यानात येईल, तो खेळाचा अधिक चांगला परीक्षक होईल. आणि मूळ कागदांचाही.